लंडनचे मृत्यूतक्ते आणि मद्य

दफनाच्या नोंदवहीत "विहिरीत पडून" असे आम्ही लिहितो. मृत मनुष्य विहिरीपर्यंत कोणत्या अवस्थेत गेला, हे बहुधा लिहीत नाही. घरच्यांच्या मुखाकडे पाहून लेखणी अडते.

ही अडचण जुनीच आहे. लंडनमध्ये पॅरिशांचे कारकून दर आठवड्यास मृत्यूंचे तक्ते प्रसिद्ध करीत. प्रेत पाहून कारण सांगण्याचे काम पॅरिशातील वृद्ध स्त्रियांकडे असे. पेलाभर एल आणि दुप्पट फी मिळाली की त्यांना खरे कारण दिसेनासे होते, अशी तक्रार जॉन ग्राँट यांनी १६६२ मध्येच केली. (येथेही मद्यच!)

पुढे स्वस्त जिनचा पूर आला. १७३६ च्या कायद्याने गॅलनमागे २० शिलिंग कर व ५० पौंडांचा परवाना लादला. लोकांनी तो धुडकावला, आणि १७४३ मध्ये तो मागे घेतला गेला. तक्त्यांत 'अतिमद्यपान' असे सदर होते खरे, परंतु झिंगून थेम्समध्ये पडलेला 'बुडून' या सदरात जाई.

१७५१ मध्ये विल्यम होगार्थ यांनी 'जिन लेन' हे चित्र कोरले. त्यात धुंद माता तपकीर घेत आहे आणि तिच्या हातून सुटलेले मूल जिन्यावरून खाली कोसळत आहे. तक्त्यात त्याची नोंद 'पडून मृत' अशीच झाली असती.