प्रोस्टेटच्या रक्तपरीक्षेचा पूर्वेतिहास

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा पत्ता लावण्यास विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यांपाशी स्वतःच्या बोटावाचून फारसे साधन नव्हते, आणि गुदद्वारातून ग्रंथी चाचपून तिचे काठिण्य ताडणाऱ्या त्या बोटाला रोग सापडे तो बहुधा फैलावल्यानंतरच. त्यामुळे १९०४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू यंग यांनी संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली खरी, परंतु तिचा लाभ घेण्याजोगे रोगी थोडेच मिळत.

रक्ताची साक्ष काढण्याचा मार्ग १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर व एथेल गटमन यांनी दाखविला. रोग हाडांत पसरलेल्या पुरुषांच्या रक्तात ॲसिड फॉस्फेटेज हे विकर वाढलेले त्यांना आढळले; आणि तीनच वर्षांनी शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी, वृषणे काढल्यावर तेच विकर उतरणीस लागते असे दाखवून, पुरुषी संप्रेरकांवर हा रोग पोसला जातो हा सिद्धान्त पक्का केला, ज्याबद्दल त्यांस १९६६ चे नोबेल पारितोषिक लाभले. पण हा साक्षीदारही उशिराच हजर होई.

१९७९ साली बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत मिंग वांग व सहकाऱ्यांनी प्रोस्टेटमधून एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. तेच पुढे पीएसए या नावाने सर्वतोमुखी झाले. या साऱ्या इतिहासाचे मर्म माझ्या मते एवढेच, की हे प्रथिन कर्करोगाचे नव्हे, ग्रंथीचे आहे: निरोगी ग्रंथीही ते स्रवते, आणि उतारवयात ती वाढली वा तिला जंतुसंसर्ग झाला तरीही रक्तातील त्याचे मान चढते. म्हणूनच १९८६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते रक्तात मोजण्याच्या चाचणीस मंजुरी दिली ती ज्यांचा रोग ठाऊक आहे अशांवर देखरेख ठेवण्यापुरती. परंतु नेमून दिलेल्या हद्दीत कोणता अंमलदार राहिला आहे! १९९१ साली सेंट लुईसच्या विल्यम कॅटालोना यांनी ती लक्षणे नसलेल्या पुरुषांच्या छाननीस लावली, १९९४ मध्ये तशी सरकारी मंजुरीही मिळाली, आणि मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम हा आकडा असंख्य पुरुषांच्या बायोप्सीचा परवाना होऊन बसला. ज्यांचा रोग हयातभर उपद्रव देण्याजोगा नव्हता अशा कित्येकांनाही मग शस्त्रक्रिया, आणि तिच्यामागून येणारी मूत्रगळती व नपुंसकत्व सोसावे लागले.

२००९ मध्ये या छाननीचा कस पाहणाऱ्या दोन मोठ्या प्रयोगांचे निवाडे एकदमच प्रसिद्ध झाले आणि परस्परांशी जुळेनात: युरोपात या रोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले, अमेरिकेत मुळीच नाही, अर्थात अमेरिकेत ज्यांना तुलनेसाठी चाचणीवाचून ठेवावयाचे, त्यांपैकी पुष्कळांनी ती बाहेरून करून घेतलीच होती, तेव्हा त्या निवाड्याची किंमत ती किती! २०१२ साली अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने सरसकट चाचणीविरुद्ध शिफारस केली. २०१८ मध्ये ती सौम्य करून ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषांनी डॉक्टरांशी विचारविनिमय करून स्वतः ठरवावे अशी मुभा दिली, सत्तरीपुढे मात्र विरोध कायम ठेवला.