वॉटसनच्या हॉटेलातली थप्पड

जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलच्या दारातून परत पाठवले आणि त्या अपमानातून 'ताज' उभे राहिले, ही गोष्ट मुंबई दाखवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. साल मात्र कुणी सांगत नाही. एकाच्या गोष्टीतले दार वॉटसनचे, तर दुसऱ्याच्या गोष्टीतले पाइकच्या अपोलो हॉटेलचे. घटनेला समकालीन कागदाचा आधार नाही.

इमारतीचे कागद मात्र बोलके आहेत. जॉन वॉटसन हा मूळचा कापडाचा व्यापारी. कोटाच्या भिंती पाडल्यावर मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडवर त्याने जागा घेतली, तीही आधी दुकान आणि कचेरीसाठी. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिशचा; लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छतावर काम केलेला हाच अभियंता. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात ओतून जहाजाने आणल्या आणि 1867 ते 1869 या काळात इथे जोडल्या. 1871मध्ये हॉटेल सुरू झाले. आतल्या चौकावर काचेचे छत होते. 7 जुलै 1896च्या टाइम्स ऑफ इंडियात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांची जाहिरात आहे: याच हॉटेलात, तिकीट एक रुपया. आठवडाभरात तो खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि पुढे तिथे चार आण्यांतही बसता येऊ लागले. वॉटसनच्या दारातून कोण आत जाऊ शकत होते, याचा अंदाज बांधायला मला हा तिकिटाचा दर टाटांच्या गोष्टीपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

पण या हॉटेलात देशी माणसाला कसे वागवत, याचा सर्वांत थेट पुरावा त्याच वर्षीच्या जानेवारीतला आहे. मार्क ट्वेन तेव्हा इथे उतरला होता आणि 1897च्या प्रवासवर्णनात त्याने एक प्रसंग नोंदवला. खोली लावून द्यायला एक धिप्पाड जर्मन आला, सोबत तीन देशी नोकर. त्यांतला एक गुडघे टेकून गॅलरीच्या काचेच्या दाराशी काही करत होता. ते काम जर्मनाला पसंत पडले नसावे. काय चुकले हे न सांगताच त्याने नोकराच्या जबड्यावर फटका मारला, चूक नंतर दाखवली. नोकराने तो निमूट सोसला. ट्वेन त्या क्षणी आपल्या बालपणातल्या मिसूरीत, गुलामगिरीच्या दिवसांत जाऊन पोचला. असे दृश्य त्याने पन्नास वर्षांत पाहिले नव्हते. लिहिणारा परका होता, स्वतः गुलामगिरीच्या प्रांतात वाढलेला होता, आणि पाहिल्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याने ते छापले. साक्षीदार म्हणून याहून बरा कोण मिळणार? नोकराचे नाव तेवढे त्याने दिलेले नाही.

'ताज' 16 डिसेंबर 1903 रोजी उघडले. त्याच्या आराखड्यावर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुशिल्पीचा हात आहे. दंतकथा सांगताना हे नाव क्वचितच निघते. वॉटसनची रया हळूहळू गेली. हॉटेल बंद झाले, खोल्यांचे तुकडे पडले, कोर्ट जवळ असल्याने वकिलांनी कचेऱ्या थाटल्या आणि नाव 'एस्प्लनेड मॅन्शन' झाले. 2005मध्ये इमारतीचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला. 2019मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडावी असे सुचवले.

काळा घोड्यापाशी उभे राहून पाहुण्यांना टाटांची गोष्ट जरूर सांगा, पण ऐकीव म्हणून. त्या बिननावाच्या नोकराची गोष्टही सांगा; ती छापील आहे.