अलोहा: हवाई बेटांवरील टकरींचे गणित

पॅसिफिक महासागरात विखुरलेल्या हवाई बेटांवर विद्यापीठाचा कारभार एकसूत्र ठेवणे १९६८ च्या सुमारास सोपे नव्हते. मुख्य संगणक होनोलुलूच्या मानोआ दरीत, आणि त्याचा लाभ घेऊ इच्छिणारी कित्येक महाविद्यालये व संशोधनसंस्था मात्र समुद्रापलीकडे निरनिराळ्या बेटांवर, अशी स्थिती होती. दूरध्वनीची तार भाड्याने घेण्याचा मार्ग होता खरा; परंतु संगणकापुढे बसलेला मनुष्य एक ओळ पाठवतो आणि मग बराच वेळ विचार करीत राहतो, त्याच्या त्या मौनाचेही भाडे अखंड भरावे लागते, ही उधळपट्टी त्या विद्यापीठातील संशोधक नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांना मान्य होण्यासारखी नव्हती. त्यांनी बिनतारी मार्ग पत्करला.

प्रत्येक केंद्राला स्वतंत्र कंप्रता किंवा ठराविक पाळी नेमून द्यावी आणि इतरांनी तीत दखल देऊ नये, हा त्या क्षेत्रातला रूढ बंदोबस्त होता. त्यांच्या ‘अलोहा’ योजनेने त्याला फाटा दिला. सर्व केंद्रांनी ४०७.३५ मेगाहर्ट्झ या एकाच कंप्रतेवर मनास येईल तेव्हा संदेश सोडावा. मानोआतील ‘मेनेहुने’ नावाच्या छोट्या संगणकाने ४१३.४७५ मेगाहर्ट्झवर पोच द्यावी. आणि पोच न आल्यास दुसऱ्या संदेशाशी टक्कर झाली असे समजून, यदृच्छेने ठरणारा काळ थांबून, तोच संदेश पुन्हा पाठवावा.

या इतिहासातले खरे धैर्य मला यंत्रांपेक्षा हिशेबात दिसते. एक संदेश ७०४ बिटांचा. सेकंदाला ९६०० बिट या गतीने तो पाठवायला सुमारे ७३ मिलिसेकंद लागतात. तो शाबूत पोहोचावा यासाठी त्याच्या आरंभापूर्वीच्या ७३ आणि नंतरच्या ७३ मिलिसेकंदांत दुसऱ्या कोणीही आरंभ करता कामा नये. म्हणजे धोक्याचा अवधी संदेशाच्या दुप्पट. प्रेषक परस्परांपासून स्वतंत्र मानून त्यांना प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचा नियम लावला, तर निष्पन्न होते ते असे, की वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८.४ टक्के कामी येते, आणि तेही एकंदर भार क्षमतेच्या निम्मा असेल तेव्हाच. भार त्यापुढे गेला की टकरींतून पुनःप्रेषणे आणि पुनःप्रेषणांतून आणखी टकरी उद्भवतात. पाचातले चार हिस्से रिकामे राहणार किंवा टकरीत जाणार, हे १९७० च्या निबंधात उघड मांडून अब्रॅमसन यांनी पुढच्याच वर्षी जूनमध्ये ही व्यवस्था चालू केली. १९७२ मध्ये संगणकतज्ज्ञ लॅरी रॉबर्ट्स यांनी काळाचे समान खंड पाडून खंडाच्या आरंभीच संदेश सोडण्याची तजवीज सुचवली; धोक्याचा अवधी निम्म्यावर आला, मर्यादा ३६.८ टक्क्यांवर गेली.

एक गोष्ट मात्र या सूत्राबाहेर राहिली, आणि ती बेटांच्या प्रदेशात जन्मलेल्या गणितातून सुटावी याचे मला नेहमी नवल वाटते: अंतर. दोन संदेश भिडले की दोन्ही नष्ट, हे गृहीत फार कठोर आहे. जवळच्या केंद्राचा प्रबळ संदेश दूरच्या क्षीण संदेशावर मात करून पुष्कळदा सुखरूप पोहोचतो. अंतराला त्याचे स्थान अनेकांच्या परिश्रमाने मिळाले. त्यांत इलिनॉय विद्यापीठातील पीयूष गुप्ता व पी. आर. कुमार यांचा २००० सालचा निबंध मला सर्वांत मोलाचा वाटतो. अंतरानुसार क्षीण होणारी इष्ट संदेशाची शक्ती, आणि त्याविरुद्ध इतर सर्वांचा व्यत्यय व नैसर्गिक गोंगाट यांची बेरीज, या गुणोत्तरावर त्यांनी ग्रहणाची अट बांधली. त्यांचा निष्कर्ष असा, की ठराविक क्षेत्रात यदृच्छेने विखुरलेली केंद्रे परस्परांचे संदेश पुढे पोहोचवू लागली, तर केंद्रांची संख्या चौपट होताच प्रत्येकाच्या वाट्याची क्षमता निम्म्याहूनही थोडी खाली येते, कारण प्रत्येकाचा बहुतेक वेळ इतरांचे संदेश वाहण्यात जातो.