बाबरने मोजायला लावलेली रानफुलं

बाबर म्हटलं की आपल्याकडे पानिपत आणि अयोध्या ही दोनच नावं पुढे येतात. त्याची बाजू घेणारे असोत की त्याला शिव्या घालणारे, त्याने स्वतः तुर्की भाषेत लिहिलेलं ‘बाबरनामा’ हे आत्मवृत्त फार थोड्यांनी उघडून पाहिलेलं असतं. उघडलं, तर हिंदुस्थानच्या बऱ्याच आधी काबूल लागतं. आणि काबूलमध्ये फुलं.

समरकंद हातचं गेलं, वडिलांची फरगानाही गेली. 1504 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी बाबरने काबूल घेतलं. त्या वर्षाच्या हकिगतीत तो या नव्या मुलखाचं सविस्तर वर्णन करतो. खिंडी, नद्या, महसूल, टोळ्या, जळणाची लाकडं, पक्षी पकडायची रीत, सगळं त्यात आहे. उत्तरेच्या डोंगरपायथ्याशी वसंतात ‘लाला’ फुलतात, म्हणजे रानट्युलिप. त्यांच्या जाती किती? एकदा त्याने मोजायलाच लावल्या. बत्तीस-तेहतीस भरल्या. (फारसीत लाला हा शब्द थोडा सैल आहे, खसखशीच्या कुळातली रानफुलंही त्यात येतात. म्हणजे आजच्या वनस्पतिशास्त्राने हा आकडा कदाचित कमी भरेल.) त्यातल्या एका जातीला गुलाबासारखा मंद वास येतो, म्हणून तिला ते ‘लाला-ए-गुलबू’ म्हणत. ती दश्ते-शेख नावाच्या माळावर जमिनीच्या एका लहानशा तुकड्यात उगवते, दुसरीकडे कुठेच नाही, हेही तो नोंदवतो. दुसरी शंभर पाकळ्यांची, घोरबंदच्या खिंडीच्या तोंडाशी सापडणारी. स्वतः त्या माळावर हिंडल्याशिवाय असं कुणी लिहीत नाही.

डेरे टाकून राहायच्या त्याच्या आवडत्या जागा ठरलेल्या होत्या. इस्तालिफजवळ ख्वाजा सेयारान नावाचा झरा आहे. सेयारान म्हणजे तीन यार. तिथले चिनार, बलूत आणि अरगवान हे तीन वृक्ष तीन अवलियांच्या करामतीने आले, असं लोक सांगतात. बाबरने तो झरा दगडाने बांधून घेतला, कारण काठावर बसून समोरचा बहर पाहायचा होता. वसंतात तिथे पिवळा आणि तांबडा अरगवान एकाच वेळी फुलतो, आणि तेव्हा या जागेच्या तोडीची जागा जगात असेल असं त्याला वाटत नाही.

इस्तालिफमध्येच एक मोठी बाग होती. बाबरचा चुलता उलुगबेग मिर्झा याने ती मूळ मालकांकडून जबरीने घेतली होती. बाबरने मालकांना किंमत देऊन ती घेतली आणि बागेतून वाकडातिकडा वाहणारा ओढा सरळ करून घेतला. जिंकलेल्या शहरात राजाने बागेचे पैसे मोजावेत, ही गोष्ट मला त्या तेहतीस फुलांहून मोठी वाटते.

पण इथेच थांबून ‘बघा, किती रसिक बादशहा’ असं म्हणून पुस्तक मिटणं ही लबाडी होईल. 1519 च्या जानेवारीत याच माणसाने बाजौरचा किल्ला घेतला. तीन हजारांहून जास्त माणसं मारली आणि उंचवट्यावर मुंडक्यांचा मिनार रचायला लावला. तेही त्यानेच लिहून ठेवलंय, फुलांच्याच शांत सुरात. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तो पुन्हा बागांमधून फिरतो आणि सफरचंदाच्या एका झाडाची पिकली पानं पाहून म्हणतो, कुठल्याही चितारीला ती काढता येणार नाहीत. मुंडक्यांचं पान वाचून ज्याला फुलांचं पान खोटं वाटतं, आणि फुलांच्या पानामुळे ज्याला मुंडक्यांचं पान विसरावंसं वाटतं, त्या दोघांनाही ‘बाबरनामा’ अडचणीत टाकतो.

हिंदुस्थान त्याला आवडला नाही. इथे बर्फ नाही, चांगली खरबुजं नाहीत, अशी त्याची तक्रारींची यादी प्रसिद्धच आहे. पण फुलांपाशी तो थबकतो. कण्हेर पाहून त्याला पीचचा मोहोर आठवतो. केवड्याबद्दल तो लिहितो की कस्तुरी कोरडी असते, याला ओली कस्तुरी म्हणता येईल. आणि ‘जासून’ नावाच्या एका फुलापाशी तो बराच रेंगाळतो. डाळिंबाच्या फुलाहून लाल, वास नाही, मधून बोटाएवढा देठ बाहेर येतो, पावसाचे चार महिने छान फुलतं, आणि एका दिवसात कोमेजतं. आपली जास्वंद.