मोटारविरहित डोंगरी रस्ता : माथेरानचा इतिहास आणि सायकलीचा प्रश्न

डोंगरमाथ्यावरील दाट झाडी, तिच्यातून वळणे घेत गेलेला रस्ता आणि त्या रस्त्यावर मोटारीचा संपूर्ण अभाव, असा योग आज क्वचितच आढळतो. अशा रस्त्याकडे निसर्गाची देणगी म्हणून पाहण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे. वस्तुतः वनश्री ही निसर्गाची असली तरी रस्त्यावरील शांतता ही मनुष्याने केलेल्या व्यवस्थेचे फळ असते. आणि प्रत्येक व्यवस्थेप्रमाणे तिचाही भार कोणाला तरी वाहावा लागतो. मोटार वर्ज्य केल्यानंतर माणसांची व मालाची ने-आण कोणाच्या बळावर होते, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे. माथेरानचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष उपयुक्त आहे.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न प्रामुख्याने सायकलीच्या संदर्भात उपस्थित झाला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील रस्ते १९६६ पासून सुट्टीच्या दिवशी मोटारींना बंद ठेवण्यात येऊ लागले व २०१८ साली ही बंदी कायमची झाली. कॅनडाची राजधानी ओटावा येथे १९७० पासून रविवारी काही रस्ते सायकलस्वारांसाठी राखून ठेवण्याची प्रथा सुरू झाली. नजीकच्या गॅटिनो उद्यानातील अरण्यमय, चढउताराच्या रस्त्यांनाही पुढे तिचा लाभ मिळाला. या उदाहरणांत रस्ते आधी मोटारींना खुले होते आणि नंतर त्यांच्यापासून सोडवून घेण्यात आले. माथेरानचा क्रम याच्या नेमका उलट आहे. तेथील वस्तीत मोटारीचा शिरकावच होऊ दिला गेला नाही.

माथेरान आज रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात मोडते. परंतु त्याच्या वसाहतीचा आरंभ ठाणे जिल्ह्याच्या इतिहासाचा भाग आहे. भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारखी गावे आणि कर्जत तालुक्यातील हा डोंगर यांचा जिल्हा त्या काळी एकच होता. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने हा डोंगर चढून गेले आणि तेथील थंड हवा व विस्तीर्ण झाडी पाहून त्यांनी तेथे घर बांधण्याचे ठरविले. या घटनेला ‘माथेरानचा शोध’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो फारसा यथार्थ नाही. धनगर, ठाकूर आणि कातकरी या लोकांचा या डोंगराशी पूर्वापार संबंध होता; जे. वाय. स्मिथ यांनी १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या माथेरानवरील ग्रंथात त्यांची दखल घेतलेली आहे. डोंगरावरच्या पायवाटा त्यांच्याच पावलांनी पडलेल्या होत्या. मॅलेट यांनी शोध लावला तो डोंगराचा नव्हे, तर त्याच्या एका नव्या उपयोगाचा.

गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (कारकीर्द १८५३–१८६०) यांच्या आश्रयामुळे या उपयोगाला राजमान्यता मिळाली. १८५६ साली लोहमार्ग नेरळवरून पुढे गेला आणि मुंबईकराला डोंगराच्या पायथ्यापर्यंत आगगाडीने येता येऊ लागले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत मात्र घोडा, पालखी, डोली किंवा स्वतःचे पाय हीच साधने होती. या काळात सायकल हे साधन उपलब्ध नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. दोन सारख्या चाकांची व साखळीने फिरणारी सुरक्षित सायकल १८८५ साली इंग्लंडमध्ये प्रचारात आली. हवा भरलेली रबरी धाव तिला १८८८ नंतर मिळाली. माथेरानचे रस्ते, बंगल्यांच्या जागा आणि निरनिराळ्या टोकांकडे जाणाऱ्या वाटा यांची आखणी तोपर्यंत स्थिरावली होती. साहजिकच ती आखणी खुराची आणि पावलाची होती, चाकाची नव्हती.

चाक माथेरानला आले ते १९०७ साली, आणि तेही रुळावरून. सर आदमजी पीरभॉय यांच्या द्रव्यबळावर आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या उद्योगाने नेरळ–माथेरान ही दोन फूट रुंदीच्या रुळांची, सुमारे २१ किलोमीटर लांबीची छोटी रेल्वे पूर्ण झाली. या रेल्वेचा रस्त्यांवर झालेला परिणाम दूरगामी होता. यंत्रशक्तीने माथ्यापर्यंत पोहोचण्याची सोय तर झाली. पण ते यंत्र एका ठराविक रेषेवर बांधलेले राहिले. रुळाबाहेर पडून बाजारातून, बंगल्यांच्या दारांतून किंवा जंगलातल्या वाटांवरून धावण्याची मुभा त्याला नव्हती. ज्या काळात मोटार इतर थंड हवेच्या ठिकाणी घाट चढून जात होती, त्या काळात माथेरानला तिची निकड भासली नाही, याचे एक महत्त्वाचे कारण या छोट्या गाडीत शोधावे लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत मोटाररस्ता झाला. तेथे मोटार थांबते. पुढील सुमारे अडीच-तीन किलोमीटरचे अंतर प्रवाशाने अन्य मार्गाने काटावयाचे असते. केंद्र शासनाने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान व भोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटर प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला आणि रुग्णवाहिका व अग्निशामक वाहन यांसारखे अपवाद वगळता वस्तीतील मोटारबंदीला कायद्याचे अधिष्ठान दिले. जी गोष्ट प्रथम भौगोलिक अडचणीमुळे आणि नंतर सवयीमुळे चालत आली होती, ती येथे धोरण बनली.

या धोरणाचे श्रेय मोठे आहे. पण त्याचा हिशेब पुरा मांडावयाचा तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दस्तुरी नाक्यापासून पुढे प्रवासी, त्याचे सामान, किराणा, बांधकामाचे साहित्य, सारे काही घोड्याच्या पाठीवरून, हमालाच्या डोक्यावरून किंवा माणसाने ओढावयाच्या रिक्षातून जात राहिले. कायद्याने इंजिन बाहेर ठेवले. वजन बाहेर ठेवणे त्याला शक्य नव्हते. लाल मातीच्या चढावर एका माणसाने दुसऱ्या माणसाला बसवून ओढत नेणे, हा मोटारविरहित रस्त्याचा अदृश्य खर्च होता आणि तो गरिबाच्या देहातून वसूल होत होता. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत वाहून गेलेला लोहमार्ग २००७ मध्ये पुन्हा सुरू होईपर्यंत, तसेच २०१९ च्या पावसाळ्यानंतर २०२२ पर्यंत नेरळहून माथेरानपर्यंतची गाडी बंद असताना, दस्तुरीचा रस्ता आणि त्यावर राबणारे लोक यांच्यावरच या गावाची मुख्य मदार राहिली.

हा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने माणसाने ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत असल्याचे नमूद करून, नव्या विजेच्या रिक्षा प्राधान्याने जुन्या रिक्षाचालकांनाच मिळाव्यात, असेही न्यायालयाने सुचविले. पंजाबातील सायकल-रिक्षाचालकांसंबंधी याच न्यायालयाने १९८० साली दिलेल्या निवाड्याचे स्मरण या वेळी करण्यात आले. त्या प्रकरणातही, रिक्षा ओढणारा हा तिचा मालक असावा की नसावा, हाच वादाचा विषय होता. चाकावर कोण बसतो, ते कोण फिरवितो आणि त्याची मालकी कोणाची, हे तीन प्रश्न परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत, असे या दोन निवाड्यांच्या संदर्भावरून स्पष्ट होते.

याच ठिकाणी सायकलीचे वैशिष्ट्य ध्यानात येते. पालखी, घोडा, हातरिक्षा या साधनांत प्रवासाचे सुख एकाचे आणि श्रम दुसऱ्याचे असतात. सायकलीत दोन्ही एकाच व्यक्तीकडे राहतात. तिला इंधन लागत नाही, तिचा आवाज नसतो आणि चढावर लागणारा दम स्वाराला स्वतःच्याच छातीतून आणावा लागतो. मोटारविरहित वनप्रदेशाशी इतके सुसंगत असे दुसरे चाक दाखविणे कठीण आहे. असे असूनही माथेरानच्या वाहतुकीच्या इतिहासात सायकलीला महत्त्वाचे स्थान मिळाले नाही.

याचे एक कारण रस्त्याच्या पृष्ठभागात आहे. जांभ्याची लाल माती घोड्याच्या खुराला मानवते. पण पावसाळ्यात ती वाहून जाते, दगड उघडे पडतात आणि अरुंद चाकाची गती कुंठित होते. उलटपक्षी, चाकासाठी घातलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार होती. २०२५ च्या आदेशात न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत हे ब्लॉक बसविण्यास संमती दिली, परंतु अंतर्गत रस्ते व पायवाटा मातीच्याच राखण्यास सांगितले. एकाच डोंगरावर चाकाचा आणि खुराचा असे दोन निराळे रस्ते मान्य करणारी ही विभागणी आहे.

तुलनेसाठी बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घेता येईल. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या डोंगराळ वनाच्या रक्षणाला विहार (१८६०) व तुळशी (१८७९) या तलावांच्या पाणलोट क्षेत्राची जोड मिळाली. प्रवेशद्वारापासून सुमारे सहा किलोमीटरवरील कान्हेरी लेण्यांपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि उद्यानात भाड्याने सायकली मिळण्याची सोयही झाली. अर्थात तेथील रस्ता बस व इतर वाहनांपासून सर्वस्वी मुक्त राहिलेला नव्हता. म्हणजे बोरिवलीला सायकलीजोगा रस्ता लाभला, पण माथेरानची शांतता लाभली नाही. माथेरानला शांतता लाभली, पण सायकलीजोगा रस्ता लाभला नाही.

या विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. मोटार वर्ज्य करणे ही वनरक्षणाची केवळ पहिली पायरी आहे. तिच्यानंतर वृद्ध, रुग्ण आणि माल यांची सोय कशाने करावयाची, घोड्यावर उपजीविका करणाऱ्यांनी कोठे जावयाचे आणि धडधाकट प्रवाशाने स्वतःचा भार स्वतः वाहावा अशी अपेक्षा कितपत ठेवावयाची, हे ठरवावे लागते. माथेरानने पहिली पायरी फार पूर्वी गाठली. पुढील प्रश्न मात्र हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या खांद्यावर टाकून ते दीर्घकाळ पुढे ढकलले गेले. शांत रस्त्याची किंमत कोण देतो याचा विचार ज्या दिवशी होईल, त्याच दिवशी ती शांतता खऱ्या अर्थाने सर्वांची होईल.