रानवारच्या भिंती आणि एक पेंटर

आपल्या भागातल्या कुठल्याही बाजारपेठेच्या गावात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एक माणूस हमखास असे. त्याचं आडनाव कुणाला ठाऊक नसे. दुकानाच्या पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याचं नाव आणि पुढे ‘पेंटर’ एवढंच लिहिलेलं असे, आणि गावही त्याला त्याच नावाने हाक मारी. बिडीची जाहिरात, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, निवडणुकीची घोषणा, शाळेच्या ओट्यावरची सरस्वती, ट्रकच्या मागच्या फळीवरचा मोर अशी सगळी कामं त्याच्याकडेच येत. इचोडा पूर्वीच्या सात नंबरच्या, आताच्या चव्वेचाळीस नंबरच्या नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं गाव. तेव्हा इथल्या पेंटरला लिप्या याव्या लागत त्या एक-दोन नव्हे, चार: तेलुगू, देवनागरी, उर्दू आणि इंग्रजी. खडूची पूड लावलेला दोरा भिंतीवर ताणून रेघ उठवायची, देवनागरीची शिरोरेषा त्या रेघेला टांगायची, आणि तोच ब्रश तेलुगूच्या गोलाईत मनगटाने वळवायचा. हे शिकवणारी शाळा कुठेच नव्हती.

१९५६ साली १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. किनवट नांदेडकडे गेलं, राजुरा आधी नांदेडकडे आणि पुढे चांद्याकडे गेलं आणि आदिलाबाद आंध्रात राहिलं. नकाशावर रेघ पडली तरी पाटीवरच्या लिप्या काही लगेच बदलल्या नाहीत. एका भिंतीवर किती भाषा मावतात याचा हिशोब सरकारी दप्तरापेक्षा पेंटरच्या डब्यात अधिक चोख असे. मग या शतकाच्या सुरुवातीला फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून मिळणारा, फोटोसकट, वर स्वस्त. पेंटरचे ब्रश वाळले.

हे सगळं सांगायचं कारण असं की, अलीकडे शहरांतून जी मोठमोठी भित्तिचित्रं दिसतात ती आपल्या मुलांना परदेशातून आलेली नवलाई वाटते. तसं वाटण्यात थोडं तथ्य आहे. न्यूयॉर्कमध्ये एक निरोप्या पोरगा जिथे जाईल तिथे ‘टाकी १८३’ असं आपलं टोपणनाव आणि आपल्या रस्त्याचा नंबर लिहीत सुटला होता. १९७१ च्या जुलैत तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राने त्याची बातमी छापली आणि बघता बघता आगगाडीचे डबे अशा नावांनी भरून गेले. यालाच ग्राफिटी म्हणतात. पण परवानगीवाचून भिंतीवर नाव लिहिण्याचा मान द्यायचाच तर आपल्याकडे आणखी जुना दावेदार आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज घोडदळातल्या अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह आपलं नाव कोरून ठेवलं आहे. तेही साध्या दगडावर नव्हे, दीड-दोन हजार वर्षांच्या चित्रावर! अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता, म्हणजे एका अर्थाने आपल्याच राज्यात. ज्याने ते चित्र काढलं त्याचं नाव कुणाला माहीत नाही, आणि ज्याने ते ओरबाडलं त्याचं नाव मात्र तारखेसकट शाबूत आहे.

आपल्याकडची भित्तिचित्रं मात्र बरीचशी दुसऱ्या वाटेने आली, ती पेंटरच्या वाटेने. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना रंगकामाने ‘पेंटर’ हे आडनावच दिलं. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते चित्रपटाकडे वळले आणि आपल्या बोलपटांआधीच्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवू लागले. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन १९३० च्या दशकात मुंबईला आले ते सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरत. खुद्द दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे आणि बडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी. राजा रविवर्मांच्या छापखान्याशीही त्यांचा संबंध आला होता. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी त्यांचे हात रंगाने आणि शाईने माखलेले होते. सिनेमा आणि भिंत यांचं हे नातं ध्यानात ठेवलं, म्हणजे मुंबईतल्या वांद्र्यात जे घडलं ते नीट उलगडतं.

वांद्रं म्हटलं की आपल्याला नटनट्यांचे बंगले आठवतात. पण वांद्रं मुळात साष्टी बेटाच्या टोकावरचं खेडं, खरं म्हणजे अनेक पाखाड्यांचं मिळून झालेलं. त्यातलीच एक पाखाडी म्हणजे रानवार. इथले मूळ रहिवासी ईस्ट इंडियन ख्रिस्ती. पोर्तुगीज अमदानीत त्यांचे पूर्वज बाटले, १७३७ ते १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि पुढे इंग्रजांकडे गेली. राज्यं बदलली तरी या लोकांच्या घरातली बोली मराठीच राहिली. लग्नात उंबराचं पाणी, बायकांच्या अंगावर लुगडं, स्वयंपाकघरात बाटलीत भरून ठेवलेला मसाला. मग हे ‘ईस्ट इंडियन’ असं इंग्रजी नाव कुठून आलं? गोव्याहून आणि मंगळूरहून ख्रिस्ती मंडळी नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागली, तेव्हा आपण वेगळे आणि इथलेच आहोत हे कंपनीच्या वारस सरकारला ठसवण्यासाठी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, यांनी हे नाव घेतलं आणि संस्थाही स्थापन केली. मराठी बोलणाऱ्यांनी आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायला इंग्रजी नाव घ्यावं, यातली गंमत आणि वेदना आपल्यासारख्यांना वेगळी समजावून सांगायला नको. ‘तुम्ही तेलुगू की मराठी?’ हा प्रश्न आपण दोन्हीकडे ऐकत आलो आहोत.

रानवारची घरं लाकडी खांबांची, कौलारू, पुढे ओसरी आणि बाहेरून चढणारा जिना असलेली. १८९६ ची प्लेगची साथ आली तेव्हा लोकांनी गल्लीगल्लीत क्रूस उभारले, ते अजून दिसतात. १८४५ मध्ये जीजीभाई घराण्यातल्या लेडी अवाबाईंच्या पैशाने माहीमचा कॉजवे झाला आणि वांद्रं मुंबईला जोडलं गेलं. मग रेल्वे आली. २००९ मध्ये समुद्रावरचा वरळी पूल झाला. दर खेपेला जमीन महाग होत गेली. ओसरीच्या घरात खानावळ आली, कपड्यांचं दुकान आलं. काही घरं पडली आणि तिथे उंच इमारती उठल्या. चॅपल रोड आणि वरोडा रोड या रानवारच्या चिंचोळ्या गल्ल्यांत अशा वेळी भिंतीवर चित्रं दिसू लागली. ‘द वॉल प्रोजेक्ट’ या नावाने धन्या पिलो आणि त्यांच्या मित्रमंडळींनी वांद्र्यात आधीच सुरुवात केली होती. २००९ च्या ऑगस्टमध्ये तर महापालिकेच्या संमतीने सेनापती बापट मार्गावरची, म्हणजे तुळशी पाइप रोडवरची, रेल्वेची लांबच लांब भिंत शेकडो हौशी माणसांनी रंगवली. हौसेचं काम होतं ते. त्यात चांगलं-वाईट सगळंच होतं.

रणजित दहिया हा मात्र हौशी नव्हता. हरियाणातल्या सोनिपत जिल्ह्यातल्या खेड्यातला हा मुलगा आधी भिंतींना चुना मारायचं काम करी. शाळेच्या भिंतीवर सरस्वती काढली तेव्हा आपल्याला चित्र येतं हे उमगलं, असं त्याने मुलाखतींत सांगितलं आहे. (सरस्वतीच का? कारण शाळेची भिंत हे आपल्याकडच्या पेंटरचं पहिलं कॅनव्हास. इचोड्यातही तेच असतं.) पुढे तो चंडीगडच्या कला महाविद्यालयात आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकला आणि मुंबईला येऊन वांद्र्यात राहिला. २०१२ मध्ये त्याने ‘बॉलिवुड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केलं. कल्पना अगदी सरळ होती. सगळं जग या शहराला सिनेमामुळे ओळखतं, पण शहराच्या भिंतींवर त्याची खूण नाही, तर ती आपण रंगवायची. चॅपल रोडवर अनारकली आली. वांद्र्यात ‘दीवार’चा अमिताभ उभा राहिला. हाताने रंगवलेली सिनेमाची पोस्टरं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच पोस्टरांचे भडक लाल-निळे रंग, तेच जाड फटकारे रणजितने भिंतीवर परत आणले. २०१४ मध्ये स्टार्ट इंडिया फाउंडेशनच्या उत्सवात वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर त्याने आणि सहकाऱ्यांनी शंभर फुटांहून मोठे दादासाहेब फाळके रंगवले. त्र्यंबकेश्वरच्या ब्राह्मणाला मुंबईत असं उंच उभं केलं ते हरियाणाच्या चुनेवाल्याने. मला हे फार बरं वाटतं.

त्याच्या कामात एक गोष्ट मला मोलाची वाटते. रात्री गुपचूप येऊन नाव लिहून पळायचं ही त्याची रीत नाही. दार ठोठवायचं, घरमालकाला विचारायचं, परात बांधायची आणि दिवसाउजेडी, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत रंगवायचं. कायदाही हेच सांगतो. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्राने १९९५ मध्ये आणि आपल्याकडे आंध्र प्रदेशाने १९९७ मध्ये कायदा केला. टी. एन. शेषन निवडणूक आयुक्त असताना घोषणांनी रंगलेल्या भिंतींवर आलेला बडगाही आपल्याला आठवत असेल. या कायद्यांत चित्र सुंदर आहे की कुरूप हा प्रश्न येत नाही, परवानगी आहे की नाही हा येतो. पण परवानगी देणारा घरमालकच उद्या घर विकून गेला तर? चित्राचा त्या भिंतीवर काडीचाही हक्क नसतो. रंग उन्हापावसात पाच-सात वर्षांत उडतो हे खरं, पण मुंबईत रंग उडायच्या आधी भिंतच जाते.

आपल्या राजधानीतही हा प्रयोग झाला. हैदराबादला राजभवनाजवळच्या एम. एस. मक्त्यात, दाटीवाटीच्या साध्या वस्तीत, २०१६ मध्ये याच स्टार्ट मंडळींनी घरांच्या भिंती रंगवल्या. स्वाती आणि विजय या हैदराबादच्या चित्रकार जोडप्याने तेलंगणाच्या खेड्यातली ठसठशीत माणसं तिथे आणली. तिथली आणि रानवारची गोष्ट मात्र एक नाही. मक्त्यात चित्रं बघायला बाहेरचे लोक पहिल्यांदाच वस्तीत शिरले, रानवारात बाहेरचे लोक आधीच शिरले होते आणि चित्रांनी त्यांची गर्दी वाढवली.

यावरून वांद्र्यात दोन मतं पडतात आणि दोन्ही मला खरी वाटतात. एक असं की, चित्रांमुळे लोक गल्लीत थांबू लागले, आणि थांबले म्हणून त्यांना ओसरी, जिना, कौलं दिसली, नाहीतर ती नजरेआडच पडली असती. दुसरं असं की, फोटो काढणाऱ्याला मधुबाला कळते, पण भिंतीपलीकडे चुलीपाशी कुठली मराठी बोलली जाते ते कळत नाही. ईस्ट इंडियन बोलीचा एक शब्दही या प्रसिद्ध चित्रांत मला दिसलेला नाही. सिनेमा सगळ्यांचा, म्हणून सिनेमा काढला हे ठीकच. पण चार लिप्या लिहिणारा आपला पेंटर त्या गल्लीत असता, तर त्याने निदान कोपऱ्यात घरमालकाचं नाव त्याच्या अक्षरांत लिहिलं असतं.

२९ एप्रिल २०२० रोजी इरफान खान गेला. टाळेबंदीत सगळी मुंबई दाराआड होती. थोड्याच दिवसांत रणजित वरोडा रोडवरच्या एका भिंतीपुढे ब्रश घेऊन उभा राहिला आणि इरफानचा चेहरा उमटला. रस्त्यावर बघायला जवळजवळ कुणीच नव्हतं. तो मे महिना होता. एरवी त्या महिन्यात रानवारचे लोक साथीच्या काळातल्या जुन्या क्रुसांना फुलं वाहून संध्याकाळी त्यांच्यापुढे प्रार्थनेला जमतात.