रिकामी खुर्ची



पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावरचं आपलं भामरागड. इथं गावाचे निर्णय पूर्वीपासून गावानंच बसून घेतले, पण त्या बैठकीत बोलायचे बहुतेक पुरुष.

२४ एप्रिल १९९३ ला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतीत बायांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या. १९९६ च्या पेसा कायद्यानं आपल्या भागातलं सरपंचपद आदिवासींकडे दिलं, ग्रामसभेला ताकद दिली. २०११ मध्ये महाराष्ट्रानं बायांच्या जागा निम्म्या केल्या.

कायद्यानं खुर्ची दिली, पण बसणार कोण? दोन बंदुकांच्या मधे अर्ज भरायचा कुणी? जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत अर्जच आले नाहीत, जागा रिकाम्या राहिल्या. सरपंच नसला की हातपंप, रस्ता, घरकुल मागायला जायचं कुणाकडे?

२०१९ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या कोठीच्या लोकांनी शिकत असलेल्या माडिया मुलीला गळ घातली. भाग्यश्री लेकामी हो म्हणाली आणि बिनविरोध सरपंच झाली. मोटारसायकलवर जंगलातल्या वाटा तुडवत ती गावोगावी जाऊ लागली. बायांशी आरोग्याबद्दल, पाळीबद्दल बोलू लागली.

बचत गटाचा हिशेब आपण ठेवतोच. गावाचा हिशेब त्याहून फार वेगळा नाही. ग्रामसभेआधी महिला सभा भरते. पुढच्या सभेत ‘कोण उभं राहील?’ असं विचारतील, तेव्हा आपण खाली बघायचं नाही. एकीनं हात वर करावा, बाकीच्यांनी तिच्या मागं उभं राहावं.